विनीच्या हातचे दोन

विनी मच्याडो जळकी आहे हे वसईतल्या सांडोर गावात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. ती स्वतःच सांगते, आणि तेही मान ताठ ठेवून. नवऱ्याने, म्हणजे फेबियनने, एकदा दवाखान्यातल्या नर्सचं अक्षर छान आहे म्हटलं, तर हिने डॉक्टर बदलला. चर्चच्या गायकवृंदात प्रिन्सी नावाची मुलगी फेबियनच्या व्हायोलिनजवळ उभी राहायची, ती एका रविवारी मागच्या रांगेत गेली आणि तिथेच राहिली. गाडीत रस्ता दाखवणाऱ्या मोबाइलमधल्या बाईचा आवाज 'शांत' वाटतो असं फेबियनच्या तोंडून निघून गेलं. दुसऱ्या दिवसापासून त्या गाडीत एक पुरुष रस्ता सांगू लागला. लोक हसायचे, विनीही हसायची, पण आवाज तिने बदलून घेतला तो घेतलाच.

आता फेबियन होताही तसाच. पन्नाशीला टेकला तरी केस काळे, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं मऊ. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा कारखाना आहे, तिथे तो प्रॉडक्शन मॅनेजर. कामावर कधी उशिरा गेला नाही, कधी विनाकारण रजा घेतली नाही. रविवारच्या मिस्सेला व्हायोलिन हातात घेतलं की बायका प्रार्थनेची पुस्तकं उलटी धरतात, असं विनीचं म्हणणं. मुलगी नताशा पुण्याला शिकायला, घरामागे केळीची वाडी, कुंपणाला मोगरा. कुणी नजर लावावी असंच सगळं होतं, आणि नजर लागू नये म्हणून विनी चोवीस तास पहाऱ्यावर होती.

पण तिची सगळ्यात मोठी ऐट दारूच्या बाबतीत होती. गावात पिणारे काय कमी आहेत? लग्नात पितात, बारशाला पितात, मयतीलाही कारण काढून पितात. फेबियन मात्र बाहेर थेंब घ्यायचा नाही. संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, झाली की विनी कपाटाची किल्ली काढायची, मापाने दोन पेग ओतायची, सोबत तळलेले बोंबील ठेवायची आणि कपाट पुन्हा बंद. तिसरा त्याने कधी मागितला नाही. "माझा नवरा घेतो ते माझ्या हातचे दोन," हे वाक्य तिने इतक्या लग्नांत आणि इतक्या बायकांना ऐकवलं होतं की ती तोंड उघडण्याआधीच बायका माना डोलवायच्या.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात तर तेही बंद. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन फेबियन चर्चमधून यायचा, कपाटाला स्वतः कुलूप लावायचा आणि किल्ली बायकोच्या तळहातावर ठेवायचा. ती किल्ली ईस्टरला निघायची. मच्याडोंच्या घराची ही सासऱ्यांपासूनची रीत. ईस्टरच्या जेवणाला सगळं घराणं थोरल्या भावाकडे, ऑस्करकडे जमायचं, आणि त्या दिवशी पहिला पेग बायकोने नवऱ्याला सगळ्यांसमोर ओतून द्यायचा. टाळ्या पडायच्या. विनी त्या दिवशी नवी साडी नेसायची.

तर यंदाच्या उपवासकाळात किल्ली विनीच्या पर्समध्ये पडली आणि फेबियन बदलला.

आधी उशीर सुरू झाला. थोडा, मग जास्त. कारखान्यात ऑडिट आहे म्हणाला. आला की थेट न्हाणीघरात. बाहेर यायचा तो वासाचं पाणी मारून. ही नवी बाटली त्याची त्यानेच आणली होती, म्हणजे आजवर त्याच्या बनियनचा नंबरसुद्धा विनीला पाठ, आणि हे त्याने तिला न विचारता आणलं. तोंडात लवंग. रोझरीच्या तिसऱ्या रहस्याला, म्हणजे माळ अर्ध्यावर आली की, डोळे मिटायचे ते झोपेनेच. गाडीची किल्ली आधी टीव्हीजवळच्या वाटीत असायची, ती आता उशीखाली. आणि मूड तर असा की एक दिवस लाडात येऊन गाणं म्हणेल, दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवेल.

दुसऱ्या एखाद्या बाईच्या डोक्यात काय आलं असतं ते उघड आहे. विनीच्या डोक्यात ते आलंच नाही. उपवासकाळ होता. कपाटाला कुलूप होतं, किल्ली तिच्या पर्समध्ये होती, आणि फेबियन घेतो ते तिच्या हातचे दोन. त्यातही विनीच्या माहेरी वडील सुपारीसुद्धा न खाणारे. दारुडा म्हणजे गटाराच्या कडेला पडलेला, चप्पल हरवलेला माणूस, एवढंच तिला ठाऊक. कडक इस्त्रीच्या शर्टातला दारुडा तिने पाहिलाच नव्हता. मग अत्तर, लवंग, उशीर आणि लपवलेली किल्ली, याची बेरीज तिने केली तशीच होणार होती. बाई.

कोण बाई, ते फेबियनच्या चुलतबहिणीने, मर्लिनने सांगितलं. मर्लिन शेजारच्या होळी गावच्या बाजारात वाडीची भाजी घेऊन बसते आणि भाजीपेक्षा बातम्या ताज्या ठेवते. म्हणाली, तुझ्या नवऱ्याची पांढरी गाडी हल्ली संध्याकाळची आमच्या आळीत असते. जीनाच्या वाडीत, आंब्याखाली.

जीना हे नाव ऐकल्यावर विनीने कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली आणि ती घ्यायची विसरून घरी आली.

त्याला कारण होतं. फेबियनसाठी आलेलं पहिलं स्थळ जीनाचं. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, पसंतीही झाली होती म्हणतात. मोडलं ते फेबियनच्या आईने. जीनाचे वडील प्यायचे आणि रस्त्यात शिव्या द्यायचे; दारुड्याच्या घरची पोर आमच्या घरात नको, असं म्हणून म्हातारीने नारळ परत पाठवला. मग जीनाने डेन्झिलशी लग्न केलं, तर तोही तसलाच निघाला. डेन्झिलची वरात अख्ख्या वसईने पाहिली आहे, कधी रिक्षातून, कधी हातगाडीवरून. पुढे त्याने सोडली. कशी सोडली, कुणी सोडवली, हे विनीने कधी विचारलं नाही. जीनाच्या घरचं काही विचारायचं नाही असा तिचा नियमच होता. बाजारात जीना दिसली की विनी मुद्दाम मंगळसूत्र पदराबाहेर काढायची, आणि जीना तिला मान लववून पुढे जायची. त्या मान लववण्याचाच विनीला जास्त राग यायचा.

शुक्रवार आला. उपवासकाळातल्या शुक्रवारी चर्चमध्ये क्रुसाची वाट असते, एकेक स्थान घेत प्रार्थना पुढे सरकते. फेबियन व्हायोलिन घेऊन यायला हवा होता. आला नाही. त्याच्या जागी प्रिन्सी पुढे येऊन गाऊ लागली, आणि आज विनीला तिचा रागही आला नाही. चौथ्या स्थानाला सगळे गुडघे टेकत होते तेव्हा ती उठली, बाकाबाहेर निघाली आणि स्कूटर काढून होळीला गेली. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं तिने ठरवलं. कुठल्या शब्दाने सुरुवात करायची आणि झिंज्या कुठल्या हाताने धरायच्या, इथपर्यंत.

गाडी आंब्याखालीच होती.

जीना ओटीवर बसून वाल सोलत होती. साधा गाऊन, केस वर बांधलेले. नटलेली नव्हती. विनीला तेही झोंबलं, म्हणजे इतकं जवळचं झालंय की नटायचीही गरज उरली नाही. ती फाटकातूनच सुरू झाली. काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकायची थांबली एवढंच सांगतो. जीनाने सगळं ऐकून घेतलं. वालाचं एक टरफल तिच्या हातात तसंच राहिलं होतं.

"तो माझ्या घरात नाही," ती म्हणाली. "गाडीत आहे. जाऊन बघ. पण दार हळू उघड, त्याला धक्का बसतो."

विनी गाडीपाशी गेली. मागच्या सीटवर फेबियन बसला होता, बूट काढलेले, डोकं काचेला टेकलेलं, तोंड उघडं. मांडीवर स्टीलचा थर्मास होता. रोज सकाळी विनी त्यात गवती चहा भरून द्यायची, आलं ठेचून, त्याला आवडतो तेवढीच साखर घालून. तिने तो उचलून झाकणाचा वास घेतला. तिचे डोळे चुरचुरले.

पहिल्यांदा काय झालं, तर विनी हसली. खरंच हसली. बाई नव्हती! गाडीत कुणाचा केस नाही, कुणाची टिकली नाही, नुसती दारू. एवढा मोठा दगड छातीवरून उतरला की तिने आंब्याला हात टेकला. मग तिची नजर पुन्हा थर्मासवर गेली आणि हसू जिथल्या तिथे थिजलं. तिचा चहा कुठे जात होता? रोज सकाळी ती उठून आलं ठेचत होती, आणि हा कुठेतरी तो ओतून देऊन त्यात दुसरीलाच जागा देत होता. बाई असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. हिला कुठे धरायचं?

जीनाने तिला ओटीवर बसवलं आणि सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. फेबियन पहिल्यांदा आला तो डेन्झिलला भेटायला. विचारायला आला होता, तू कशी सोडलीस. पण डेन्झिल कामावरून यायच्या आत तो गाडीत बसून धीर यावा म्हणून घोट घ्यायचा, आणि डेन्झिल येईपर्यंत विचारायच्या अवस्थेत राहायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. पुन्हा तेच. डेन्झिल त्याच्याजवळ गाडीत बसून राहायचा. उतरत आली की जीना कोरी कॉफी द्यायची, तोंड धुवायला पाणी द्यायची. बस्स.

"मला का नाही सांगितलं?" विनीने विचारलं.

"मी सांगितलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस?"

हे खरं होतं, म्हणून विनी आणखी चिडली. तू ओळखलंस कसं, असं तिने विचारलं तेव्हा जीना म्हणाली, लहानपणापासून दुसरं बघितलंय काय? तोंडात लवंग ठेवून पुरुष इतका नीट चालायला लागला की मला कळतं. यात फुशारकी नव्हती. पण विनीला ऐकू आलं ते एवढंच, की वीस वर्षं जो माणूस तिच्या उशीशेजारी झोपतो, त्याला ह्या बाईने फाटकातून ओळखलं.

"रडतो का तो?" तिने विचारलं. तिला स्वतःलाच कळलं नाही हा प्रश्न कुठून आला.

जीनाने खाली बघत पुढचा वाल सोलायला घेतला. म्हणजे रडत होता. विनीसमोर फेबियन आई गेली तेव्हासुद्धा रडला नव्हता.

कुणी शहाणी बाई असती तर त्याच वेळी हात जोडून म्हणाली असती, जीना, आता काय करू ते सांग. विनीने थर्मास पदराखाली घेतला, नवऱ्याला गदागदा हलवून उठवलं, शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः गाडी चालवत घरी आणलं. माझ्या नवऱ्याचं मी बघीन, एवढं फाटकात सांगायला मात्र ती विसरली नाही. स्कूटर तिथेच राहिली.

मग ती बघायला लागली. सवत आली असती तर जे जे केलं असतं ते सगळं तिने केलं. फेबियनने पाया पडून शपथ घेतली, ईस्टरपर्यंत नाही, मग फक्त तुझ्या हातचे दोन. तिला ती शपथ गोड लागली, विशेषतः शेवटचा भाग. पण विश्वास कसला ठेवते! सकाळी गाडीत बसून ती कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊ लागली, संध्याकाळी गेटवर हजर. फोन केला की त्याने उचललाच पाहिजे, आणि 'षष्ठी' म्हणून दाखवायचं, जीभ जड आहे का ते कळायला. तरी बाटल्या निघत राहिल्या. एक पाण्याच्या मोटरच्या खोलीत, युरियाच्या गोणीमागे. एक व्हायोलिनच्या पेटीत, जिथे तिने मखमल स्वतःच्या हाताने शिवली होती. तिसरी तर केळीच्या लोंगरावर घालतात त्या निळ्या पिशवीत, घडाआड बांधलेली. विनी वाडीत उभी राहून त्या पिशवीकडे बघत राहिली. इतक्या हौसेने त्याने तिच्यासाठी कधी काही लपवून आणलं नव्हतं. वाढदिवसालासुद्धा नाही.

आणि माणूस मात्र कामाला जात होता. शर्टाला इस्त्री होती. कारखान्याच्या मालकाने त्याच आठवड्यात त्याची सगळ्यांसमोर तारीफ केली. विनीने कुणाला सांगितलं असतं, तर त्यांनी तिलाच वेड्यात काढलं असतं.

शेवटी तिने एका शनिवारी त्याला घरात कोंडलं. दोन्ही दारांना कुलूप, किल्ल्या पोलक्यात. दोन दिवस कामाला सुट्टी आहे, दोन दिवसांत उतरेल सगळं, असा तिचा हिशेब. संध्याकाळपर्यंत तो चिडचिडा होता. रविवारी सकाळी चहाचा कप त्याला तोंडापर्यंत नेता येईना. हात असा थरथरत होता की बशी वाजत होती. घामाने गादी ओली. मग तो भिंतीकडे बोट करून म्हणाला, मुंग्या पूस, केवढ्या मुंग्या झाल्यात. भिंत पांढरी स्वच्छ होती.

विनीने मुंग्या पुसल्या. खरंच ओला फडका घेऊन ती नसलेल्या मुंग्या पुसत होती, आणि पुसता पुसता तिला कळलं की हे तिच्या आवाक्यातलं नाही. ऑस्करला फोन करावा तर तो म्हणणार, अरे, एक पेग दे, बरा होईल. फादरना करावा तर ते मिस्सेत. एकच बाई अशी होती जिला हे ठाऊक होतं, आणि तिचा नंबर विनीकडे नव्हता. तो फेबियनच्या फोनमध्ये होता. त्याच्या फोनमध्ये जीनाचं नाव शोधायचं आणि ते सापडायचं, आणि त्यावर आपल्याच बोटाने दाबायचं! विनीची त्या वेळची अवस्था मी सांगत बसत नाही. तिने दाबलं.

"जीना," ती म्हणाली. "मला जमत नाहीये. ये."

जीना आली, डेन्झिल आला. त्यांना आत घेऊन विनीने पुन्हा कुलूप लावलं. डेन्झिल बारीक, कमी बोलणारा माणूस. फेबियनकडे एकदा बघून त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे विनीकडून किल्ली मागून दार उघडलं. दुसरी, गाडी मागवली.

"असं कोंडून एकदम बंद करायची नसते, विनी," तो म्हणाला. "शरीराला सवय झालेली असते. फिट येते. माणूस जातोही. आधी डॉक्टर, मग बाकीचं सगळं."

व्यसनमुक्तीचा विभाग असलेल्या एका हॉस्पिटलात फेबियन दाखल झाला. गावात टायफॉइड सांगितला. डॉक्टरीण तरुण होती, देखणीही होती, आणि विनीने त्याची नोंद घेतली हे मान्य करायला हवं. पण त्या डॉक्टरणीने प्रश्न विचारला तेव्हा विनी तिलाही विसरली. किती वर्षं घेताय, असं विचारलं. फेबियन छताकडे बघत म्हणाला, रोजची पंचवीस-सव्वीस वर्षं झाली असतील. घरचे दोन सोडून.

विनीने मनातल्या मनात बेरीज केली. लग्नाआधीपासून. म्हणजे जीना पहिली नव्हती, विनी तर नव्हतीच. ती बाटलीच पहिली होती, आणि विनीला तिच्या घरात दुसरी म्हणून आणलं होतं. घरचे दोन सोडून, म्हणे. ज्या दोनांचा ती अख्ख्या गावात डंका पिटत होती, ते त्याच्या हिशेबात धरलेलेसुद्धा नव्हते.

त्या दिवशी तिने हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडून घेतलं. आणि आत जाऊन पहिला प्रश्न विचारला तो, "माझा चहा कुठे ओतायचास?"

"पार्किंगमध्ये बदामाचं झाड आहे, त्याच्या मुळाशी," फेबियन म्हणाला. मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि तो रडायला लागला, तिच्यासमोर, तोंड न लपवता. विनी त्याच्याकडे बघत राहिली. तिला त्याची दया आली, रागही आला, आणि अगदी खोल कुठेतरी, लाज वाटली तरी, बरं वाटलं. हे तरी आता जीनाचं एकटीचं राहिलं नव्हतं.

हॉस्पिटलातून सुटल्यावर डेन्झिलने त्याला सभेला न्यायला सुरुवात केली. पिणारे आणि सोडलेले एका खोलीत बसतात, एकमेकांना सांगतात, नावं बाहेर काढत नाहीत. सभा दिवसाआड एका शाळेच्या मागच्या वर्गात भरायची. बायकांना आत जायचं नाही. विनी आणि जीना बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसायच्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

तिसऱ्या की चौथ्या सभेला आतून हसू ऐकू आलं. त्यात फेबियनचं हसू वेगळं ओळखू येत होतं. घरी तो तोंडाला कुलूप लावल्यासारखा बसायचा, आणि इथे अनोळखी माणसांत खो खो हसत होता. काय सांगत होता त्यांना? बायकोच्या पहाऱ्याचं? मुंग्यांचं? विनी बंद दाराकडे अशी बघत होती, की दार माणूस असतं तर खाली बघितलं असतं.

"पहिलं वर्षभर मलाही ते दार फोडावंसं वाटायचं," जीना म्हणाली. "इतकी वर्षं मी त्याची ओकारी काढली, आणि बोलायचा तो यांच्याशी."

"मग?"

"मग काही नाही. अजून वाटतं कधीकधी."

विनीने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. मग तिने विचारलं, मी काय करू शकते. जीना म्हणाली, त्याचं पिणं थांबवणं तुझ्या हातात नाही. तू फक्त ओतायचं थांबवू शकतेस. ते दोनही. विनीला हे मान्य व्हायला वेळ लागला. कपाटातली बाटली घरी जाऊन मोरीत ओतली तेव्हा पाणी सोडायला तिने उशीर केला. लग्नातली भांडी मोडीत काढताना लागतं तसं काहीतरी मनाला लागलं.

आणि ईस्टर आला.

फेबियनने आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की त्याला भीती वाटते. सगळ्यांना खरं सांगायची अजून हिंमत नाही, आणि ऑस्करने पेला पुढे केला तर नाही म्हणायचीही नाही. लहानपणापासून थोरल्या भावाला त्याने कधी नाही म्हटलेलं नव्हतं. आपण जायलाच नको, असं विनी म्हणाली. न गेलो तर तो बाटली घेऊन इथे येईल, असं फेबियन म्हणाला, आणि ते खरंच होतं.

ऑस्करच्या अंगणात मांडव घातला होता. डुकराचं मटण, तांदळाचे वडे, पोरांना रंगीत साखरेची अंडी. भोजनापूर्वीची प्रार्थना झाली. ऑस्कर आतून नवी कोरी बाटली घेऊन आला, फेबियनसमोर पेला ठेवला आणि बाटली विनीच्या हातात दिली. चाळीस दिवस माझ्या भावाचा घसा कोरडा आहे, त्यात टायफॉइड, चल, ओत. टाळ्या सुरू झाल्या. विनीने नवी साडी नेसली होती. सवयीने नेसली होती.

तिने फेबियनकडे पाहिलं. तो पेल्याकडे बघत होता. त्याचे हात टेबलाखाली होते, पण खांद्यांवरून तिला कळलं की ते कसे असतील. लवंग ओळखायला जीनाची गरज पडली होती. हे खांदे मात्र विनीने एकटीने ओळखले.

डॉक्टरांनी मनाई केली आहे, औषधं चालू आहेत, असं घरून घोकून आणलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं. पण मनाई किती दिवसांची, हे ऑस्करने विचारलंच असतं, आणि मग पुढच्या महिन्यात, पुढच्या लग्नात, पुढच्या ईस्टरला पुन्हा हाच पेला. तिने बाटलीचं झाकण होतं तसंच घट्ट फिरवलं आणि बाटली ऑस्करला परत दिली.

"मी ओतणार नाही," ती म्हणाली. "आज नाही आणि कधीच नाही."

ऑस्करला आधी कळलंच नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "काय गं विनी, बायका संपल्या वाटतं? आता बाटलीवरही जळायला लागलीस?"

अख्खा मांडव हसला. मर्लिन तर टेबलावर हात आपटून हसली. नर्सचं अक्षर, प्रिन्सी, मोबाइलमधली बाई, सगळ्यांना सगळं आठवलं.  इतकी वर्षं लोकांनी हसावं म्हणून ती स्वतःच हे सांगत आली होती, आणि आज पहिल्यांदा ते हसू तिला लागलं. खरं काय ते तिने सांगितलं असतं तर सगळे गप्प झाले असते, पण मग सगळ्यांनी फेबियनकडे बघितलं असतं.

"हो," ती म्हणाली. "जळते. माझ्या आधीपासून ह्याच्या मागे आहे ती. माझ्या घरात आता ती राहील नाहीतर मी."

लोक आणखी हसले. हसू दे म्हटलं तिने. ते तिच्यावर हसत होते, फेबियनवर नाही.

तेवढ्यात फेबियनने टेबलाखालून हात वर काढला आणि समोरचा पेला उचलून उपडा ठेवला. हात थरथरत होता, पेल्याची कड ताटावर टणटणली. ऑस्कर जवळ उभा होता, त्याने तो आवाज ऐकला, तो हात पाहिला, आणि त्याचं हसू हळूहळू मावळलं. त्याने काही विचारलं नाही. बाटली घेऊन तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. जेवणं सुरू झाली.

विनीने नवऱ्याच्या ताटात वडे वाढले. त्याचा फोन दोघांच्या मध्ये टेबलावर होता. तो उजळला. जीनाचा मेसेज होता: 'कसा आहेस?'

विनीला ते नाव तिथे दिसलेलं झोंबलं. जीनाने केलेलं सगळं तिला आठवत होतं, कॉफी, गाडी, बाकावरची संध्याकाळ, तरी झोंबायचं ते झोंबलंच. तिने फोन स्वतःकडे ओढला आणि उत्तर लिहिलं: 'बरा आहे. माझ्या शेजारी बसलाय.' ते पाठवून झाल्यावर तिने खाली आणखी एक ओळ लिहिली: 'उद्या सभेला येते, बाकावर तुझ्या शेजारी जागा धर.'